अ‍ॅस्पेनमध्ये राहण्याची किंमत

वर्षाकाठी निदान दीड हजार तास याच कौंटीत काम केल्याचा पुरावा जो दाखवील, वर्षातले नऊ महिने जो त्याच छपराखाली राहील आणि आसपासच्या खोऱ्यात ज्याच्या मालकीचे दुसरे राहते घर नसेल, त्यालाच हे घर विकत घेता येईल. पुढे विकताना त्याला मनास येईल ती किंमत मागता येणार नाही. अशा अटी ज्यांच्या खरेदीखतातच घातल्या आहेत अशी घरे एखाद्या समाजवादी राष्ट्रात असतील, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात अशी सुमारे तीन हजार घरे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्याच्या डोंगराळ मुलखात, अ‍ॅस्पेन नावाच्या एका लहानशा गावात व त्याच्या परिसरात आहेत. २०२० च्या शिरगणतीत या गावाची लोकसंख्या सात हजारांच्या किंचित वर भरली; महाराष्ट्रातील एखाद्या बाजारगावाहूनही ते लहान. परंतु २०२४ च्या एप्रिलमध्ये या गावाच्या उशाशी असलेल्या रेड माउंटन या डोंगरउतारावरील एक घर १० कोटी ८० लाख डॉलरना, म्हणजे सुमारे नऊशे कोटी रुपयांना विकले गेले. कोलोरॅडोत एका घरासाठी तोवर एवढी रक्कम कोणी मोजली नव्हती.

एका जातीच्या घरांच्या किमतीला आभाळ ठेंगणे, दुसऱ्या जातीच्या घरांची किंमत कायद्याने खुंटीला बांधलेली; आणि या दोहोंमधील अंतर पुष्कळदा हाकेचे. खुल्या बाजाराचा डंका पिटणाऱ्या देशातील अतिश्रीमंत गावाला हा मार्ग का पत्करावा लागला आणि तो पत्करूनही तेथील शिक्षक, परिचारिका, बसचालक व कारकून यांची विवंचना का संपली नाही, हे पाहण्याजोगे आहे.

महागाई कशाची?

श्रीमंत गावातील महागाई म्हटली की चटकन आठवतात त्या चैनीच्या वस्तू. अ‍ॅस्पेनमध्ये त्यांना तोटा नाही. स्कीइंगसाठी डोंगरमाथ्यावर नेणाऱ्या पाळण्याचे एका दिवसाचे तिकीट ऐन हंगामात खिडकीवर काढले तर दोनशे डॉलरच्या वर जाते. मुख्य रस्त्यांवर युरोपातील नामांकित पेढ्यांची दुकाने आहेत. घरापुढील वाटेवर बर्फ साचू नये म्हणून फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या खेळविण्याची तेथे पद्धत आहे. या उधळपट्टीला आवर घालण्यासाठी नगरपालिका व कौंटी यांनी २००० साली एक वेगळे शुल्क बसविले. तापविलेली वाट हवी असेल किंवा उघड्यावरचा गरम पाण्याचा तलाव हवा असेल, तर एक तर स्वतःची ऊर्जा निर्माण करा, नाही तर पैसे भरा. लोक पैसे भरतात आणि त्या पैशांतून सार्वजनिक इमारतींवर सौर यंत्रणा बसविण्यासारखी कामे होतात.

परंतु ही महागाई ज्याला नको असेल त्याला टाळता येते. शाळेतल्या शिक्षिकेने दर रविवारी डोंगरावर गेलेच पाहिजे असे नाही. गावात जुन्या वस्तूंचे एक दुकान आहे. ते स्वयंसेविका चालवितात आणि नफा स्थानिक संस्थांना वाटतात. धनिकांनी हंगामभर वापरून टाकलेले उंची कोट तेथे कवडीमोलाने मिळतात आणि गावकरी ते अभिमानाने घालतात. किराणा महाग पडतो, म्हणून लोक महिन्याचे सामान खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या ग्लेनवूड स्प्रिंग्ज या गावाहून आणतात. तान्ह्या मुलांसाठी पाळणाघरात जागा मिळणे दुरापास्त आहे. नगरपालिकेने १९८९ साली विक्रीकरात जी भर घातली तिचा काही भाग पाळणाघरांकडे वळविला, तरी प्रतीक्षायादी हटलेली नाही. हे सर्व त्रासाचे खरेच, पण माणूस त्यातून वाट काढतो.

जिच्यातून वाट निघत नाही अशी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे रात्री पाठ टेकण्याची जागा. अलीकडच्या वर्षांत अ‍ॅस्पेनमधील स्वतंत्र घराची सरासरी किंमत एक कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. वर्षाला सत्तर हजार डॉलर मिळविणाऱ्या माणसाने अन्नवस्त्रावर एक सेंटही न खर्चता सगळे वेतन साठविले तरी एक कोटी डॉलर जमण्यास जवळजवळ एकशे त्रेचाळीस वर्षे लागतील. एवढी वर्षे तर ते गाव वसूनही जेमतेम झाली आहेत. म्हणजे येथे घराच्या किमतीचा तेथील मिळकतीशी काही संबंधच उरलेला नाही. किंमत ठरते ती न्यूयॉर्क, टेक्सस, कॅलिफोर्निया किंवा आणखी कुठल्या खंडात मिळविलेल्या पैशावर. अ‍ॅस्पेनमधील घरांचा मोठा भाग वर्षाचे बरेच महिने कुलूपबंद असतो, कारण मालकाचे ते दुसरे, तिसरे किंवा पाचवे घर असते. अब्जाधीशांनी कोट्यधीशांना हुसकावून लावले, असा विनोद त्या भागात रूढ आहे. त्यात विनोदाचा अंश थोडाच आहे.

मुंबईची टांकसाळ आणि कोलोरॅडोची चांदी

अ‍ॅस्पेनला श्रीमंती नवी नाही, आणि दैन्यही नवे नाही. १८७९ साली लेडव्हिल या खाणगावाहून काही धाडसी माणसे पर्वतरांग ओलांडून या खोऱ्यात उतरली आणि त्यांना चांदी सापडली. ती भूमी यूट या आदिवासींची होती. १८८१ मध्ये त्यांना कोलोरॅडोतून हुसकावून युटामधील राखीव प्रदेशात धाडण्यात आले. अ‍ॅस्पेनमधून ज्यांना जावे लागले त्यांच्या लांबलचक यादीत पहिला क्रमांक त्यांचा. मग आगगाडी आली, १८८९ साली नाट्यगृह आणि हॉटेल उभे राहिले. या दोन्ही वास्तू आजही गावात डौलाने उभ्या आहेत.

या वैभवाचा पाया मात्र चांदीच्या भावावर होता, आणि तो भाव टिकविला होता सरकारांनी. १८९० च्या कायद्यान्वये अमेरिकेचे सरकार दरमहा ४५ लाख औंस चांदी खरेदी करीत असे. चांदीचे दुसरे मोठे गिऱ्हाईक होते हिंदुस्थान. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळींत कोणीही चांदी नेऊन द्यावी आणि छापणावळ भरून तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. परंतु सोन्याच्या मानाने चांदी घसरत चालल्याने रुपयाही घसरत होता, आणि विलायतेतील देणी पौंडांत चुकविणाऱ्या इंग्रज सरकारला ते परवडेनासे झाले. २६ जून १८९३ रोजी सिमल्याहून कायदा निघाला आणि टांकसाळींची दारे खासगी चांदीला बंद झाली. काही दिवसांतच जगाच्या बाजारात चांदी सुमारे पाव हिश्श्याने उतरली. कोलोरॅडोतील खाणमालकांनी त्याच आठवड्यात खाणींना टाळे ठोकण्यास आरंभ केला. नोव्हेंबरात अमेरिकन काँग्रेसने आपलाही खरेदीचा कायदा रद्द केला आणि उरलीसुरली आशा मावळली.

त्या वेळी कोलोरॅडोचा गव्हर्नर होता डेव्हिस वेट, हा मूळचा अ‍ॅस्पेनमधील एक वृत्तपत्रकार. राज्यातील चांदी मेक्सिकोला धाडून तिची नाणी पाडून आणावीत, अशी युक्ती त्याने सुचविली आणि देशभर स्वतःचे हसे करून घेतले. पण त्याचा संताप समजण्यासारखा होता. आपल्या गावातील चूल पेटणार की नाही हे सिमल्याच्या दरबारात ठरावे, हे कोणत्या गावकऱ्याला रुचेल? १८९४ साली याच गावच्या स्मगलर खाणीतून जवळजवळ एक टन वजनाचा चांदीचा गोळा निघाला. तोवर चांदीला पूर्वीचा भाव देणारा कोणी उरला नव्हता.

पुढची पन्नास वर्षे गाव रोडावत गेले. १९३० च्या शिरगणतीत तेथे अवघी ७०५ माणसे होती. थकलेला कर भरला की ओसाड घर नावावर करून घेता येई. आज ज्या जुन्या लाकडी घरांसाठी लक्षावधी डॉलर मोजले जातात त्यांपैकी कित्येक त्या काळात अशीच बेवारस पडली होती. अ‍ॅस्पेनमधील किमतींना डोंगराचे सौंदर्य कारण आहे, असे जे सांगतात त्यांनी हा काळ ध्यानात घ्यावा. डोंगर तेव्हाही तेच होते आणि बर्फही तेवढेच पडत होते.

गटेचा उत्सव

कायापालट घडविला तो शिकागोच्या वॉल्टर पेपकी या उद्योगपतीने आणि एलिझाबेथ या त्याच्या सुविद्य पत्नीने. खोकी व पुठ्ठे बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा हा प्रमुख १९४५ साली येथे आला. शरीराला व्यायाम, मनाला संगीत आणि बुद्धीला चर्चा मिळेल असे एक स्थान निर्माण करावे, असे त्याच्या मनाने घेतले. १९४६ साली स्कीइंगची कंपनी निघाली आणि १९४७ च्या जानेवारीत डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांचा पाळणा समारंभपूर्वक सुरू झाला. १९४९ साली जर्मन महाकवी गटे याच्या जन्माला दोनशे वर्षे झाली. पेपकीने त्या निमित्ताने या ओस गावात मोठा उत्सव भरविला. आल्बर्ट श्वाइट्झर आले. त्यांनी आयुष्यात अमेरिकेची ही एकच वारी केली. त्या उत्सवातून तत्त्वचर्चेची संस्था आणि उन्हाळी संगीत महोत्सव ही दोन कायमची रोपटी उगवली.

पेपकीचा हेतू उदात्त होता यात शंका नाही. पण उदात्त हेतूंचाही जमिनीच्या भावावर परिणाम होतोच, किंबहुना नुसत्या करमणुकीपेक्षा अधिक होतो. स्कीइंगला बर्फाचे डोंगर अमेरिकेत पुष्कळ आहेत. बर्फही आहे आणि गटेही आहे असे गाव एकच. धनिकाला खेळाबरोबर प्रतिष्ठाही हवी असते. अ‍ॅस्पेनने ती दिली आणि तिची किंमत जमिनीने वसूल केली.

साठीच्या दशकापर्यंत हे ध्यानात येऊ लागले होते. १९७० साली हंटर थॉम्पसन या बंडखोर पत्रकाराने तेथील शेरीफच्या जागेसाठी निवडणूक लढविली. रस्त्यांचे डांबर उखडून तेथे हिरवळ लावावी आणि गावाचे नाव बदलून ‘फॅट सिटी’ ठेवावे, म्हणजे अ‍ॅस्पेन या नावावर जमिनी विकणाऱ्यांचा धंदा बसेल, असा त्याचा जाहीरनामा होता. ‘लठ्ठ नगरी’त बंगला घेण्यास कोण धजावणार! थॉम्पसन पडला. परंतु त्याच्या थट्टेतील व्यवहार्य भाग पुढच्याच निवडणुकीत निवडून आलेल्या तरुण कौंटी सदस्यांनी उचलला. दर एकरी घरांची संख्या घटविण्यात आली आणि वर्षाला किती बांधकाम होऊ द्यावयाचे याच्या मर्यादा आखण्यात आल्या. खोरे वाचले. त्याच निर्णयांनी खोऱ्यातील प्रत्येक उभ्या घराची किंमतही वाढविली, हे मात्र मान्य केले पाहिजे.

बांधकामावरील निर्बंध उठवा, पुरवठा वाढला की भाव उतरतील, असे अर्थशास्त्राचे जाणकार सांगतात. मोठ्या शहरांच्या बाबतीत या म्हणण्यात तथ्य आहे. अ‍ॅस्पेनमध्ये ते अपुरे पडते. पिटकिन कौंटीतील ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची, मुख्यतः राखीव अरण्याची आहे. उरलेले खोरे अरुंद आहे. मागणी मात्र एका शहराची नाही, साऱ्या जगातील धनाढ्यांची आहे. तेथे आणखी हजार बंगले बांधले तर त्यांना हजार गिऱ्हाइके मिळतील, आणि मग प्रत्येक बंगल्याची बाग राखणारा, बर्फ उपसणारा, नळ दुरुस्त करणारा माणूस राहणार कोठे हा प्रश्न हजार पटींनी उभा राहील.

वेशीबाहेरचे गावकरी

सध्या तो माणूस बव्हंशी खोऱ्याच्या खालच्या अंगाला राहतो. अ‍ॅस्पेनहून उतरत गेले की सुमारे तीस किलोमीटरवर बसॉल्ट लागते, पन्नासवर कार्बनडेल, पासष्टच्या आसपास ग्लेनवूड स्प्रिंग्ज. तेथून वळून आणखी पुढे गेले की रायफल, ते शंभर किलोमीटरच्या वर. बस वा मोटारीने येणाऱ्यांच्या दृष्टीने या सगळ्या गावांना जोडणारा एकच राज्यमार्ग आहे, क्रमांक ८२. पहाटेच्या अंधारात तो दिव्यांच्या रांगेने उजळतो. सप्टेंबर २०१३ मध्ये तेथे जलद बससेवा सुरू झाली; अमेरिकेच्या ग्रामीण भागातील अशा प्रकारची ती पहिलीच. सेवा चांगली आहे. परंतु चांगल्या बसमध्ये घालविलेले तीन तासही आयुष्यातूनच वजा होतात. अ‍ॅस्पेनच्या तोंडाशी १९६१ साली बांधलेला एक अरुंद पूल आहे. तो रुंदवावा की रस्ताच दुसरीकडून न्यावा यावर कित्येक दशके वाद आणि वारंवार मतदान होत आले आहे. त्या मतदानात रांगेत अडकणाऱ्यांना मत नाही, कारण ते गावचे रहिवासी नाहीत.

या बसमधून येणाऱ्यांत मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. हॉटेलच्या खोल्या आवरणे, भांडी विसळणे, बांधकामावर राबणे ही कामे त्यांच्याकडे आहेत. १९९९ च्या डिसेंबरात अ‍ॅस्पेनच्या नगरपरिषदेने एक ठराव केला: लोकसंख्यावाढीने पर्यावरणाची हानी होते, सबब केंद्र सरकारने देशात येणाऱ्या स्थलांतरितांचे प्रमाण कमी करावे. विमानतळावर खासगी जेट विमानांची रीघ लागणाऱ्या गावाने पर्यावरणाचा भार भांडी घासणाऱ्यांच्या माथी मारावा, हा प्रकार अजबच. दोन समाजशास्त्रज्ञांनी पुढे, २०११ मध्ये, त्यावर ‘द स्लम्स ऑफ अ‍ॅस्पेन’ हे पुस्तकच लिहिले.

तरीही अ‍ॅस्पेनच्या नागरिकांना निव्वळ दांभिक ठरविणे अन्यायाचे होईल. श्रीमंतांची इतर गावे या प्रश्नाकडे पाठ फिरवून बसली असताना या गावाने सत्तरीच्या दशकापासून आपल्या कष्टकऱ्यांसाठी घरे बांधण्यास आरंभ केला. त्याचे एक कारण राजकीय आहे. बंगल्यांचे मालक बहुतांशी अन्यत्र राहतात आणि मतदानही तिकडेच करतात. बसने येणाऱ्यालाही मत नाही. उरतो तो गावात प्रत्यक्ष राहणारा. आणि अशांतला मोठा भाग या अटींच्या घरांत राहणाऱ्यांचा आहे. म्हणून धनिकांच्या गावातही बंगल्यांच्या विक्रीवर कर बसविणारे प्रस्ताव मतपेटीतून सुखरूप बाहेर येतात.

घर आहे, बाजार नाही

या घरांची व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. उत्पन्नानुसार अर्जदारांचे वर्ग पाडलेले आहेत. घर रिकामे झाले की सोडत काढण्याची पद्धत पडली. जितकी वर्षे काम केले असेल त्या मानाने सोडतीत संधी अधिक. घर मिळाल्यावर त्याची किंमत वर्षाला फार तर तीन टक्के वाढू शकते, आणि महागाईचा निर्देशांक त्याहून कमी वाढला तर तेवढीच. समजा, एखाद्या शिक्षकाने १९९५ साली दीड लाख डॉलरना घर घेतले. सरळ तीन टक्क्यांनी पंचवीस वर्षांनी त्याला दोन लाख साडेबासष्ट हजार मिळतील. रस्त्यापलीकडचे खुल्या बाजारातले घर तेवढ्या काळात कितीतरी पटींनी वाढलेले असेल.

यात त्याचा तोटा झाला काय? पंचवीस वर्षे तो आपल्या शाळेच्या गावात राहिला, मुले तेथेच वाढली, हिवाळ्यात चालत कामावर गेला. हे थोडे नाही. ज्या देशात घर म्हणजे म्हातारपणची पुंजी मानतात तेथे घराला केवळ घर म्हणून वागविण्याचे धैर्य या व्यवस्थेने दाखविले. परंतु निवृत्तीच्या दिवशी तिची दुसरी बाजू उघडी पडते. हातात येणाऱ्या अडीच-पावणेतीन लाखांत त्याला आसपास कोठेच घर मिळत नाही, कारण पन्नास किलोमीटर खालच्या कार्बनडेलमध्येही साध्या घराची किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. मग तो घर सोडत नाही. आयुष्यभर काम केलेल्यांना निवृत्तीनंतर राहू देण्याची तरतूद नियमांत आहे, आणि ती योग्यच आहे. फक्त, मुले पांगलेल्या तीन खोल्यांच्या घरात एकटे वृद्ध जोडपे आणि त्याच गावच्या शाळेत नव्याने रुजू झालेली, दोन मुलांची आई असलेली शिक्षिका पहाटेच्या बसमध्ये, असे दृश्य त्यातून उभे राहते. दोघांपैकी कोणाचीही चूक नाही. ऐंशीच्या दशकात घरे घेतलेली पिढी आता निवृत्त होत असल्याने हा पेच वर्षागणिक वाढत आहे.

पैशाची बाजू याहून विचित्र आहे. या घरांचा मुख्य आधार म्हणजे शहराच्या हद्दीतील मालमत्तेच्या हस्तांतरणावरील एक टक्का कर. पहिले एक लाख डॉलर वगळून उरलेल्या रकमेवर तो खरेदीदार भरतो. एक कोटीचे घर विकले गेले की गृहनिधीत नव्व्याण्णव हजार डॉलर पडतात. कोलोरॅडोच्या इतर गावांना हा उपाय आता करता येत नाही, कारण १९९२ च्या घटनादुरुस्तीने असे नवे कर बंद केले. अ‍ॅस्पेनचा कर त्याआधीचा म्हणून वाचला. म्हणजे कष्टकऱ्यांच्या घरांचा निधी भरतो केव्हा? बंगले धडाधड विकले जातात तेव्हा. आणि बंगले विकले गेले की ते पाडून मोठे बांधले जातात, त्यांना आणखी गवंडी, सुतार, माळी, स्वयंपाकी लागतात, आणि त्यांच्यासाठी आणखी घरे. रोग बळावला तरच औषधाला पैसा मिळावा, अशी ही गत आहे. बाजार थंडावला तर घरांची मागणी किंचित कमी होईल, पण निधीही आटेल.

गावाला हे कळत नाही असे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नगरपरिषदेने तातडीचा वटहुकूम काढून नवी घरबांधणी आणि पर्यटकांना घरे भाड्याने देण्याचे नवे परवाने काही काळ थांबविले. वर्षभराने, २०२२ च्या नोव्हेंबरात, मतदारांनी अशा भाड्यांवर वेगळा कर बसविला: स्वतः राहणाऱ्या मालकाला कमी, केवळ गुंतवणूक म्हणून घर ठेवणाऱ्याला दुप्पट. त्याचाही मोठा हिस्सा घरांकडेच वळविला आहे. धनिकांच्या वकिलांनी ओरड केली. मोसमी भाड्यावर पोट भरणाऱ्या काही सामान्य गावकऱ्यांनीही केली, आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते.

दरम्यान सरकारखेरीज इतरांनाही घरमालक व्हावे लागले आहे. संगीत महोत्सवातील विद्यार्थी उन्हाळ्यात ज्या वसाहतीत राहतात तिच्यात हिवाळ्यात हंगामी नोकर राहतात. स्कीइंगच्या कंपनीने २०१६ पासून बसॉल्टजवळच्या तळावर चाकांवरची चिमुकली घरे आणून आपल्या नोकरांची सोय केली. अ‍ॅस्पेनच्या शाळा मंडळाने २०२० मध्ये मतदारांकडून कर्जरोख्यांस संमती मिळविली, त्यातील मोठी रक्कम शिक्षकांच्या घरांसाठी होती. त्याच्याही पाच वर्षे आधी, २०१५ मध्ये, खोऱ्याच्या खालच्या भागातील शाळा मंडळाने याच कामासाठी दीड कोटी डॉलर राखून ठेवले होते. म्हणजे ज्या गावांत अ‍ॅस्पेनच्या शिक्षकांनी आसरा शोधला, त्या गावांच्याच शिक्षकांना आता तेथे राहणे परवडत नव्हते.

मालकाकडून मिळालेले घर हे नोकरीपुरतेच असते. शाळेशी पटले नाही, दुसरी नोकरी घ्यावीशी वाटली, वर्षभर सुट्टी काढून आजारी आईची शुश्रूषा करावीशी वाटली, तर सामान बांधावे लागते. चांदीच्या काळात खाणकामगारांच्या चाळी कंपनीच्या मालकीच्या असत, आणि संप केला की आधी खोली जाई असा अमेरिकेतील पुष्कळ खाणगावांचा अनुभव होता. आजच्या शिक्षिकेच्या घरात स्नानगृह आहे, खिडकीतून हिमशिखर दिसते आणि भाडे माफक आहे. जून महिन्यात नोकरीच्या नव्या कराराचा कागद समोर येतो तेव्हा त्यावर सही करताना ती वेतनाचा आकडा पाहते की घराची किल्ली, हे तिला विचारले तर उत्तर देण्यास तिला फारसा वेळ लागणार नाही.